भागीदारी, अफवा आणि विक्री : एका छोट्या सेमीकंडक्टर कंपनीच्या भागधारकांचा अनुभव

प्रस्तावना

लहान कंपनीच्या भागधारकाला दोन बातम्यांची सदैव प्रतीक्षा असते. आपल्या कंपनीचा एखाद्या बलाढ्य कंपनीशी करार झाला, ही पहिली. आणि त्याच बलाढ्य कंपनीने आपली कंपनी चढ्या भावाने विकत घेतली, ही दुसरी. पहिली बातमी आली की दुसरी ओघानेच येणार, असा एक समज बाजारात रूढ आहे. सेमीकंडक्टर, म्हणजे संगणक व मोबाइल यांतील चिपच्या उद्योगात तो विशेष दृढ आहे. या उद्योगात लहान कंपन्या नवे तंत्र विकसित करतात आणि मोठ्या कंपन्या ते वापरतात. त्यामुळे भागीदारी ही विक्रीची पहिली पायरी वाटते.

हा समज कितपत खरा आहे, याचा विचार इंग्लंडमधील इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या उदाहरणावरून करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या कंपनीचे आणि ॲपलचे संबंध, त्यावरून भागधारकांनी बांधलेले अंदाज आणि २०१७ मध्ये झालेली कंपनीची विक्री हा सर्व घटनाक्रम सार्वजनिक नोंदींत उपलब्ध आहे. शिवाय हे उदाहरण आपल्यापासून अगदीच दूरचे नाही. याच कंपनीने २०१० मध्ये हॅलोसॉफ्ट ही कंपनी सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलरना घेतली, आणि हॅलोसॉफ्टचे तांत्रिक काम प्रामुख्याने हैदराबादेत चालत असे. आपल्याकडे निवृत्त शिक्षक, नोकरदार व छोटे व्यापारी यांची बचत आता शेअरबाजाराकडे वळू लागली आहे. अशा वाचकाला हे उदाहरण तपशिलाने समजावून घेणे उपयोगी पडेल.

कंपनीच्या व्यवसायाचे स्वरूप

कंपनीचे नाव ऐकून तिचा मोठा कारखाना असेल असे वाटण्याचा संभव आहे. परंतु इमॅजिनेशन स्वतः चिप बनवत नव्हती. ती चिपच्या एका भागाचा आराखडा तयार करी. मोबाइलच्या पडद्यावर जी चित्रे, नकाशे, खेळ दिसतात त्यांची गणिते करणारा जो भाग असतो त्याला ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात. या भागाचा 'पॉवरव्हीआर' नावाचा आराखडा ही कंपनीची मुख्य मालमत्ता होती.

हा व्यवसाय समजण्यासाठी वास्तुविशारदाचे उदाहरण घेता येईल. तो घर बांधत नाही, नकाशा काढून देतो. मात्र नेहमीचा वास्तुविशारद आपली फी एकदाच घेतो, तर चिपचा आराखडा देणारी कंपनी दोनदा पैसे घेते. आराखडा वापरण्याच्या परवान्याचे शुल्क आरंभी मिळते आणि नंतर त्या आराखड्यानुसार बनलेल्या प्रत्येक चिपमागे थोडी रक्कम रॉयल्टी म्हणून मिळत राहते. लेखकाला पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीमागे मानधन मिळावे तसाच हा प्रकार आहे.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. कारखाना नाही, कच्चा माल नाही, गोदाम नाही. आराखडा एकदा चांगला साधला आणि तो वापरणारे उपकरण कोट्यवधींनी खपले, की पैसा आपोआप येत राहतो. परंतु हीच बाब दुसऱ्या बाजूने धोक्याची ठरते. आराखड्याखेरीज कंपनीजवळ दुसरे काही नसते. ग्राहकाने तो वापरणे थांबवले तर विकायला माल उरत नाही, यंत्रे उरत नाहीत. उरतात ती पेटंटे आणि अभियंते. त्यांतले अभियंते नोकरी बदलू शकतात.

भागीदारी कशी वाढली

कंपनीची स्थापना १९८५ मध्ये व्हिडिओलॉजिक या नावाने झाली. लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशायरमधील किंग्ज लँग्ली या गावी तिचे मुख्यालय होते. १९९८ मध्ये जपानच्या सेगा कंपनीने ड्रीमकास्ट हे खेळयंत्र बाजारात आणले, त्यात पॉवरव्हीआरचे तंत्र होते. त्याच वर्षी इराणमध्ये जन्मलेले अभियंते होसेन यासाई यांच्याकडे कंपनीची सूत्रे आली. १९९९ मध्ये नाव बदलून इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज झाले आणि आराखड्यांचे परवाने देणे हाच कंपनीचा प्रमुख व्यवसाय ठरला.

२००७ मध्ये पहिला आयफोन आला, तेव्हा त्यातील ग्राफिक्सचा भाग पॉवरव्हीआरचा होता. पुढील वर्षी, डिसेंबर २००८ मध्ये, ॲपलने इमॅजिनेशनचे सुमारे ३.६ टक्के भाग सुमारे ३२ लाख पौंडांना विकत घेतले. २००९ मध्ये हा हिस्सा नऊ टक्क्यांच्या वर गेला. इंटेल ही अमेरिकी कंपनी आधीपासूनच भागधारक होती. तिनेही त्याच सुमारास आपला हिस्सा वाढवला. जगातील दोन मोठ्या कंपन्या एका लहान कंपनीचे भाग खरेदी करीत आहेत, हे पाहून बाजाराने एकच अर्थ काढला : यांपैकी कोणीतरी संपूर्ण कंपनी घेणार. भाव चढत गेला आणि २०१२ मध्ये तो ७०० पेन्सच्या वर पोहोचला.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. पुरवठादार कंपनीचा थोडा हिस्सा घेण्यामागे ग्राहकाचे अनेक हेतू असू शकतात. पुरवठा सुरक्षित राहावा, प्रतिस्पर्ध्याला ती कंपनी सहज गिळंकृत करता येऊ नये, हे त्यांपैकी दोन. दहा टक्क्यांहून कमी हिस्सा घेऊन हे साधत असेल, तर उरलेल्या नव्वद टक्क्यांसाठी पैसे मोजण्याची निकड कमी होते, वाढत नाही. भागधारकांनी मात्र या हिश्शाकडे विसार म्हणून पाहिले.

आशेला आधार कोणता होता?

भागधारक निव्वळ स्वप्नरंजन करीत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासमोर खरी उदाहरणे होती.

फ्लोरिडातील ऑथेनटेक ही बोटांचे ठसे ओळखणाऱ्या चिप बनवणारी छोटी कंपनी. जुलै २०१२ मध्ये ॲपलने ती सुमारे ३५ कोटी ६० लाख डॉलरना घेतली. प्रत्येक शेअरला आठ डॉलर देण्यात आले. हा भाव बाजारभावापेक्षा सुमारे ५८ टक्क्यांनी अधिक होता. पुढील वर्षीच्या आयफोनमध्ये ठशाने उघडण्याची सोय आली. ब्रिटनमध्येही असे व्यवहार होत होते. एडिंबरोची वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स २०१४ मध्ये अमेरिकेच्या सिरस लॉजिकने सुमारे २९ कोटी १० लाख पौंडांना घेतली. केंब्रिजच्या सीएसआर या ब्लूटूथ चिपच्या कंपनीसाठी क्वालकॉमने २०१४ मध्ये प्रत्येक शेअरला नऊ पौंड देऊ केले. जुलै २०१६ मध्ये तर आर्म या केंब्रिजच्याच, आराखडे विकणाऱ्या कंपनीसाठी जपानच्या सॉफ्टबँकेने सुमारे २,४३० कोटी पौंडांची बोली लावली आणि बाजारभावावर सुमारे ४३ टक्के अधिमूल्य दिले. आर्म आणि इमॅजिनेशन यांचा धंदा एकाच जातीचा. साहजिकच 'आता पाळी इमॅजिनेशनची' असे म्हटले जाऊ लागले.

या उदाहरणांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे खरेदीदाराजवळ त्या वेळी नसलेले काही तरी विकणाऱ्याजवळ होते. ठसे ओळखणारे तंत्र ॲपलजवळ नव्हते आणि ते लवकर हवे होते. ग्राफिक्सच्या बाबतीत स्थिती निराळी होती. ॲपल अनेक वर्षे पॉवरव्हीआर वापरत होती, तिच्याजवळ चिपचे आराखडे करणारा स्वतःचा मोठा वर्ग होता आणि तो वाढत होता. २००८ मध्येच तिने पी. ए. सेमी ही चिप आराखड्यांची कंपनी २७ कोटी ८० लाख डॉलरना घेऊन या कामाचा पाया घातला होता. ज्याला स्वतः स्वयंपाक करता येऊ लागला आहे, तो खाणावळ विकत घेईल की खाणावळीत जाणे थांबवेल, हा प्रश्न भागधारकांनी स्वतःला विचारायला हवा होता.

मार्च २०१६ : चर्चा झाली, बोली नाही

२०१६ च्या आरंभी कंपनीची स्थिती नाजूक होती. मोबाइलच्या बाजाराची वाढ मंदावली होती, नफ्याचे अंदाज खाली आणावे लागले होते. फेब्रुवारीत यासाई यांनी पद सोडले आणि अँड्र्यू हीथ यांच्याकडे कारभार आला. प्युअर हा डिजिटल रेडिओचा व्यवसाय त्या वर्षी विकण्यात आला.

मार्च २०१६ मध्ये ॲपल ही कंपनी घेण्याच्या विचारात असल्याची बातमी पसरली. ॲपलने निवेदन काढले. इमॅजिनेशनशी काही चर्चा झाल्या होत्या, परंतु सध्या बोली लावण्याचा विचार नाही, असा त्याचा आशय होता. ब्रिटनच्या कंपनी-ताबा संहितेनुसार बोली लावणार नाही असे जाहीर करणाऱ्यास, काही अपवाद वगळता, पुढील सहा महिने बोली लावता येत नाही. म्हणजे हा केवळ शिष्टाचाराचा नकार नव्हता. त्याला नियमाचे बळ होते.

परंतु एकाच निवेदनातून दोन प्रकारचे वाचक दोन अर्थ काढतात. आशावादी भागधारकाने 'चर्चा झाल्या' आणि 'सध्या' हे शब्द पकडले; सहा महिन्यांनंतर पुन्हा बोली येईल असा हिशेब मांडला. चीनच्या सिंगवा युनिग्रुपने मे २०१६ मध्ये सुमारे तीन टक्के हिस्सा घेतल्याचे उघड झाले, तेव्हा या हिशेबाला आणखी बळ मिळाले. वास्तविक निवेदनातील सर्वांत महत्त्वाची बाब निराळी होती. कंपनीची आतली माहिती पाहण्याची ज्याला सर्वाधिक संधी होती, अशा ग्राहकाने ती स्वस्त भावात असतानाही घेतली नव्हती.

भावाचे गणित

विक्रीची आशा असलेल्या शेअरचा भाव कसा ठरतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एखादी कंपनी स्वतंत्र राहिली तर तिचा शेअर १०० रुपयांचा आहे आणि ती विकली गेली तर भागधारकास २२० रुपये मिळतील. बाजारात भाव १६० असेल, तर त्याचा अर्थ असा की बाजार विक्रीची शक्यता निम्मी धरतो आहे. विक्री झाली तर ६० रुपयांचा लाभ, न झाली तर ६० रुपयांचा तोटा. १६० ला शेअर घेणाऱ्याने कंपनीचा व्यवसाय घेतला आहे तो १०० रुपयांचा. वरचे ६० रुपये त्याने एका संभाव्य घटनेवर लावले आहेत.

येथवरचे गणित पुष्कळांना समजते. परंतु त्यात एक गृहीत दडलेले असते, ते असे की विक्री झाली नाही तरी १०० रुपयांचा व्यवसाय जागच्या जागी राहील. अनेक ग्राहक असलेल्या कंपनीबाबत हे गृहीत बहुधा टिकते. ज्या कंपनीचा प्रमुख ग्राहक तोच अपेक्षित खरेदीदार आहे, तिच्या बाबतीत ते टिकत नाही. त्या ग्राहकाने 'हे आम्ही स्वतः करू' असे ठरवले, तर विक्रीची आशा आणि चालू उत्पन्न दोन्ही एकाच निर्णयाने जातात. मग १०० चे ५० होतात. भागधारकास वाटत असते की आपल्याजवळ दोन आधार आहेत, रॉयल्टी आणि विक्री. प्रत्यक्षात मांडव एकाच खांबावर उभा असतो.

इमॅजिनेशनची स्थिती नेमकी हीच होती. एप्रिल २०१६ अखेर संपलेल्या वर्षात तिचे एकूण उत्पन्न सुमारे १२ कोटी पौंड होते. त्यांपैकी ६ कोटी ७ लाख पौंड, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक, एकट्या ॲपलकडून आले होते.

३ एप्रिल २०१७

३ एप्रिल २०१७ रोजी सकाळी इमॅजिनेशनने शेअरबाजारास कळवले की पंधरा महिने ते दोन वर्षांच्या काळात ॲपल आपल्या नव्या उत्पादनांत कंपनीचे तंत्र वापरणे थांबवणार आहे. ती स्वतःचा ग्राफिक्सचा आराखडा विकसित करीत आहे. आमच्या पेटंटांचा व गोपनीय माहितीचा भंग न करता असा आराखडा करणे अत्यंत कठीण आहे, आणि ॲपलने तसा कोणताही पुरावा दिलेला नाही, असेही कंपनीने नमूद केले.

आदल्या शुक्रवारी शेअरचा भाव सुमारे २६९ पेन्स होता. त्या सोमवारी एका क्षणी घसरण सत्तर टक्क्यांच्या आसपास गेली आणि बाजार बंद होताना भाव सुमारे १०३ पेन्स होता. एका दिवसात सुमारे ६२ टक्के मूल्य नाहीसे झाले. कंपनीचे अभियंते तेच होते, पेटंटे तीच होती, त्या वर्षीची रॉयल्टीही यायची होती. गेली होती ती भविष्यातील रॉयल्टी आणि तिच्याबरोबर विक्रीची आशा.

यानंतर ॲपलने जाहीरपणे जे सांगितले ते भागधारकांच्या दृष्टीने अधिक बोचणारे होते. ॲपलच्या म्हणण्यानुसार नव्या उत्पादनांसाठी इमॅजिनेशनकडून नवे तंत्र घेणे तिने २०१५ मध्येच थांबवले होते आणि तसे कळवलेही होते; करार आटोपता घेण्याची सूचना फेब्रुवारी २०१७ मध्ये देण्यात आली होती. इमॅजिनेशनने आपली बाजू वेगळी मांडली आणि कराराबाबत औपचारिक तंटा निवारणाची प्रक्रिया सुरू केली. दोघांपैकी कोणाचे म्हणणे किती ग्राह्य, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. परंतु ज्या काळात बाहेरचे भागधारक संभाव्य बोलीचे अंदाज बांधत होते, त्याच काळात भागीदारीचे भवितव्य बंद दाराआड ठरत होते, एवढे यातून स्पष्ट होते. कराराचा मजकूर गोपनीय होता. बाहेर दिसत होती ती केवळ चिन्हे : ॲपल ग्राफिक्सच्या अभियंत्यांची भरती करीत होती, आणि इमॅजिनेशनमधील काही जाणकार तिकडे गेले होते. ही चिन्हे विक्री जवळ आल्याची आहेत असेही वाचता येत होते आणि विक्रीची गरज संपल्याची आहेत असेही.

विक्री अखेर झाली, पण कोणाला?

मे २०१७ मध्ये कंपनीने मिप्स व एन्सिग्मा हे दोन विभाग विकायला काढले आणि जूनमध्ये संपूर्ण कंपनीच विक्रीस असल्याचे जाहीर केले. १२ सप्टेंबर २०१७ रोजी ॲपलने स्वतःच्या आराखड्याचा पहिला ग्राफिक्स प्रोसेसर असलेली ए-११ चिप सादर केली. त्यानंतर दहा दिवसांनी, २२ सप्टेंबरला, कॅनियन ब्रिज या गुंतवणूक संस्थेने इमॅजिनेशन सुमारे ५५ कोटी पौंडांना घेण्याचे जाहीर केले. प्रत्येक शेअरला १८२ पेन्स रोख मिळणार होते.

हा भाव त्या दिवसाच्या १२८.५ पेन्स या बाजारभावापेक्षा सुमारे ४२ टक्क्यांनी अधिक होता. आर्मच्या अधिमूल्याच्या तोडीचाच हा आकडा. परंतु अधिमूल्य कशाच्या तुलनेत मोजले जाते, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ज्याने मार्च २०१७ अखेर २६९ पेन्सना शेअर घेतला होता त्याला १८२ पेन्स म्हणजे सुमारे ३२ टक्के तोटा. २०१२ मध्ये ७०० पेन्सना घेणाऱ्याचे जवळजवळ तीन-चतुर्थांश भांडवल बुडाले. आणि ३ एप्रिलला सर्वत्र हताशा असताना १०३ पेन्सना घेणाऱ्यास साडेपाच महिन्यांत सुमारे ७६ टक्के लाभ झाला. म्हणजे 'कंपनी विकली जाईल' हे भाकीत तिघांच्याही बाबतीत खरे ठरले. फळ मात्र प्रत्येकाला निराळे मिळाले.

मिप्सची कथा बोलकी आहे. प्रोसेसरचे आराखडे करणारी ही अमेरिकी कंपनी इमॅजिनेशनने २०१३ मध्ये सुमारे १० कोटी डॉलरना घेतली होती. २०१७ मध्ये ती टॉलवुड या संस्थेस साडेसहा कोटी डॉलरना विकावी लागली. कॅनियन ब्रिजच्या मागे चीनच्या सरकारी मालकीच्या संस्थेचे भांडवल होते. याच संस्थेने अमेरिकेतील लॅटिस सेमीकंडक्टर ही कंपनी १३० कोटी डॉलरना घेण्याचा केलेला प्रयत्न राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १३ सप्टेंबर २०१७ रोजी रोखला होता. मिप्स वेगळी काढल्यामुळे इमॅजिनेशनचा व्यवहार अमेरिकी परवानगीच्या कचाट्यातून सुटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि शेअर बाजारातून बाद झाला.

पुढे जानेवारी २०२० मध्ये इमॅजिनेशन व ॲपल यांच्यात अनेक वर्षांचा नवा परवाना करार झाल्याची घोषणा झाली. इमॅजिनेशनचे तंत्र टाळून पुढे जाणे सोपे नाही, हे जुन्या भागधारकांचे मत अगदीच निराधार नव्हते, असे यावरून म्हणता येते. पण तोवर ते भागधारक राहिले नव्हते. तंत्राविषयीचे अनुमान बरोबर असणे आणि शेअरमध्ये लाभ होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये काळाचे अंतर असते, आणि ते अंतर मालक पार करतो, माजी मालक नव्हे.

तुलनेसाठी दुसरे उदाहरण

डायलॉग सेमीकंडक्टर ही मोबाइलमधील विजेचे नियमन करणाऱ्या चिपची कंपनी. तिचे सुमारे तीन-चतुर्थांश उत्पन्न ॲपलकडून येई. २०१७ च्या अखेरीस ॲपल हे कामही स्वतः करणार असल्याचे वृत्त आले, तसे करण्याची तिची क्षमता आहे हे डायलॉगनेही मान्य केले आणि शेअर कोसळला. मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये दोघांनी तोडगा काढला. ॲपलने ३० कोटी डॉलर देऊन तंत्राचा परवाना, काही मालमत्ता आणि सुमारे ३०० अभियंते घेतले व पुढील पुरवठ्यासाठी आणखी ३० कोटी डॉलर आगाऊ दिले. डायलॉगने तो पैसा व वेळ वापरून इतर ग्राहक व इतर उत्पादने वाढवली. २०२१ मध्ये जपानच्या रेनेसासने ती सुमारे ४९० कोटी युरोंना घेतली.

दोन्ही कंपन्यांचा ग्राहक एकच, संकट एकच. फरक असा की एकीने वेगळे होण्याची किंमत वसूल केली आणि नंतर दुसऱ्याच खरेदीदारास, स्वतःच्या पायावर उभी असताना, विक्री केली. दुसरीला तुटलेल्या भागीदारीच्या छायेत खरेदीदार शोधावा लागला.

अफवा आणि नियम

ब्रिटनमध्ये संभाव्य खरेदीदाराचे नाव जाहीर झाले की त्याने सामान्यतः २८ दिवसांत निश्चित बोली लावावी किंवा माघार घ्यावी, असा नियम २०११ पासून आहे. अफवा अनंत काळ लोंबकळत राहू नये, हा त्याचा उद्देश. भारतात सेबीने बाजारमूल्यानुसार आघाडीच्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून असे बंधन घातले की प्रमुख माध्यमांतील वृत्तामुळे भावात लक्षणीय हालचाल झाल्यास चोवीस तासांत ते वृत्त खरे, खोटे किंवा कसे हे स्पष्ट करावे. मात्र अफवांचा सर्वाधिक सुळसुळाट ज्या छोट्या कंपन्यांभोवती असतो त्या या यादीबाहेर आहेत. तेथे सामान्य गुंतवणूकदारास स्वतःच्या विवेकावरच विसंबावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोणी कानात येऊन खात्रीची 'आतली बातमी' सांगत असेल, तर ती खोटी असल्यास नुकसान आहे आणि खरी असल्यास गुन्हा आहे. लॅटिसच्या प्रकरणात गोपनीय माहिती पुरवल्याबद्दल कॅनियन ब्रिजच्या एका संस्थापक भागीदारास २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. भारतातही २०१५ च्या सेबी नियमावलीनुसार अप्रकाशित माहितीवर व्यवहार करणे दंडनीय आहे.

शासनाची संमती हाही आता निर्णायक घटक झाला आहे. ब्रिटनचा राष्ट्रीय सुरक्षा व गुंतवणूक कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूपोर्ट येथील चिप कारखान्यातील किमान ८६ टक्के हिस्सा विकण्याचा आदेश चिनी मालकीच्या नेक्स्पेरिया कंपनीस देण्यात आला. खरेदीदार तयार आहे, किंमत ठरली आहे, तरीही व्यवहार होईलच असे नाही. ज्यांना चिप कंपन्या घ्यावयाच्या आहेत त्यांतील काहींना त्या घेता येणार नाहीत, आणि खरेदीदार कमी झाले की भाव उतरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) भागीदारी ही विक्रीची हमी नव्हे. भागीदारीमुळे मोठ्या कंपनीला तंत्र, माणसे व मर्यादा यांची जवळून ओळख होते. त्या ओळखीतून ती कंपनी विकत घेईल किंवा तिच्याशिवाय काम चालवायला शिकेल. दोन्ही शक्यता सारख्याच विचारात घ्याव्यात.

२) उत्पन्नाचा किती भाग एका ग्राहकाकडून येतो, हा आकडा वार्षिक अहवालात पाहावा. तोच ग्राहक अपेक्षित खरेदीदार असेल तर शेअरचे दोन आधार नसून एकच आहे असे समजावे.

३) खरेदीदाराजवळ जे नाही ते विकणाऱ्याजवळ आहे काय, आणि ते स्वतः तयार करण्यास खरेदीदाराला किती वेळ लागेल, हा खरा प्रश्न आहे.

४) विक्री झाली नाही असे धरून शेअरची किंमत काढावी. त्या किमतीवर जेवढे अधिक आपण मोजतो, तेवढी रक्कम आपण एका घटनेवर लावली आहे हे जाणून असावे. मुलांच्या शिक्षणासाठी वा उतारवयासाठी ठेवलेला पैसा त्यात नसावा.

५) निवेदनातील सोयीचे शब्द न निवडता संपूर्ण निवेदन वाचावे. 'चर्चा झाल्या' एवढेच वाचणारा 'बोली नाही' हे वाचायचे विसरतो.

इमॅजिनेशनच्या भागधारकांजवळ माहिती कमी नव्हती. ॲपलचा उत्पन्नातील वाटा कंपनीच्या हिशेबांत होता, मार्च २०१६ चे निवेदन उघड होते, अभियंत्यांची भरतीही लपून राहिली नव्हती. त्यांनी ही सर्व माहिती 'ॲपल कंपनी केव्हा घेईल' या एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी वाचली. 'ॲपलला ही कंपनी घेण्याची गरज आहे काय' हा प्रश्न तीच माहिती समोर ठेवून विचारला असता, तर उत्तर ३ एप्रिलच्या बरेच आधी हाती लागण्याजोगे होते.